शाळेवर देखरेख कोणाची ?

गेल्या महिन्याच्या अखेरच्या शनिवारीं यावल तालुक्यांतील एका खेड्याच्या शाळेंत शाळा व्यवस्थापन समितीची मासिक सभा झाली. झाली म्हणजे, झाली असें वहींत लिहिलें आहे. अध्यक्ष त्या वेळीं आपल्या मळ्यांत केळीचे घड कापणाऱ्यांवर देखरेख करीत उभे होते. उपाध्यक्षबाई कापूस वेंचावयास गेल्या होत्या. एक सभासद फैजपुरास कामाला गेला होता, आणि दोघां सभासदांस आपण सभासद आहोंत हेंच ठाऊक नव्हतें. तरी वहींत नऊ सह्या व दोन अंगठे उमटले. कारण माणसें शाळेंत आलीं नाहींत म्हणून वहीच माणसांकडे गेली, व घरोघर हिंडून सांजेला परत आली. खालीं मजकूर लिहिला गेला : सर्व विषय वाचून दाखविले, सर्वानुमतें मंजूर. ही गोष्ट मीं कोणाच्या तोंडून ऐकलेली नाहीं. ती वही घेऊन हिंडणारा मास्तर मीच.

वाचकहो, रागें भरण्यापूर्वीं एवढें ऐकून घ्या. अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडल्यास मला वीस वर्षें होऊन गेलीं. इतक्या काळांत ज्या ज्या शाळेंत मी राहिलों, त्या बहुतेक ठिकाणीं वही अशीच हिंडे. शिक्षक वाईट म्हणून हिंडे असें नाहीं, व गांवकरी वाईट म्हणूनहि नाहीं. शिक्षकाला सभा झाल्याची नोंद वर पाठवावयाची असते, आणि गांवकऱ्याला रोज बुडवून सभेला येणें परवडत नाहीं. दोघांचें भागतें. ज्याचें भागत नाहीं तें पोर सभेचें सभासद नसतें, आणि त्याचा बाप तर मुळींच नसतो.

पुष्कळ आईबापांस असें वाटतें कीं, शाळा सरकारची, तिचें बरेंवाईट सरकार पाहील. हा मोठा भ्रम आहे. २००९ सालचा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून चालू झाला. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें शाळेच्या समितींत शंभरांत पंचाहत्तर जण मुलांचे आईबाप असले पाहिजेत, एकंदर सभासदांत निम्म्या बाया असल्या पाहिजेत, आणि दुर्बळ व वंचित घरांतील मुलांच्या आईबापांस त्यांच्या मुलांच्या प्रमाणांत जागा मिळाल्या पाहिजेत. शाळा कशी चालते तें पाहणें, तिच्या सुधारणेचा आराखडा करणें, आलेला पैसा कोठें गेला तें तपासणें, हें ह्या समितीचें काम. कुणब्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या, सालदाराच्या हातीं शाळेची तपासणी देणारा असा कायदा ह्या देशांत पूर्वीं झाला नव्हता. आणि आपण त्याचें काय केलें ? तर वही घरीं मागवून घेतली.

हा अधिकार आपणांस कोणी उदार होऊन दिला नाहीं. त्याच्या मागें सव्वाशें वर्षांचें भांडण आहे, आणि तें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांस त्याची किंमत कळणार नाहीं, म्हणून थोडें मागें जातों.

इंग्रजी अमलांत ह्या इलाख्यांत शेतसाऱ्याच्या रुपयावर एक आणा लोकल फंड म्हणून घेत, व त्यांतील तिसरा हिस्सा शिक्षणासाठीं म्हणून काढीत. पैसा कुणब्याच्या घामाचा, पण शाळेंत बसणारीं पोरें बहुतेक दुसऱ्यांचीं. जोतीराव फुल्यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर कमिशनापुढें जें निवेदन ठेवलें त्यांत हाच जमाखर्च मांडला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा असें त्यांनीं सांगितलें. शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्या, नांगर किंवा वांकस हातीं धरतां येईल असे घ्या, त्यांना पोटाला पुरेसा पगार द्या, असें सांगितलें. खालच्या थरांतील मुलांस शाळेची गोडी लागावी म्हणून बक्षिसें व शिष्यवृत्त्या ठेवा असेंहि सांगितलें. हें सर्व आपल्या भाषणांतून दरवर्षीं येतें.

परंतु त्याच निवेदनांत आणखी एक गोष्ट आहे, ती भाषणांतून सहसा येत नाहीं. शहरांतील शाळांचा खर्च म्युनिसिपालिट्यांनीं सोसावा, पण शाळांचा सगळा कारभार मात्र त्यांच्या हवालीं करूं नये, त्यावर शिक्षणखात्याची देखरेख राहावी, असें जोतीराव म्हणाले. रयतेच्या बाजूनें जन्मभर भांडणारा हा पुरुष स्थानिक सभेवर भरंवसा ठेवावयास कां कचरला ? कारण गांवच्या सभेंत कोण बसतो हें त्यांनीं पुण्यांत डोळ्यांनीं पाहिलें होतें. सभा गांवची झाली म्हणजे ती गांवांतल्या सर्वांची होत नाहीं. ज्याच्या दारीं चार माणसें उभीं राहतात त्याची ती होते.

पुढें तसेंच झालें. १९२३ सालीं मुंबई इलाख्यांत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या व म्युनिसिपालिट्यांच्या शाळामंडळांकडे गेल्या. ह्या बोर्डांत आपल्या समाजांतील माणसेंहि निवडून येऊं लागलीं होतीं, तेव्हां पुष्कळांस आनंद झाला. त्याच वर्षीं ४ ऑगस्टला आपल्या चळवळीतले सीताराम केशव बोले यांनीं कायदेकौन्सिलांत ठराव मंजूर करून घेतला कीं, सार्वजनिक पैशानें चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळ्या असाव्यात. ठराव कागदावर राहिला. बोर्डांनीं व म्युनिसिपालिट्यांनीं कानाडोळा केला, म्हणून १९२६ सालीं बोल्यांस पुन्हां उभें राहून सांगावें लागलें कीं, जीं मंडळें हा ठराव अमलांत आणणार नाहींत त्यांस सरकारनें अनुदान देऊं नये. म्हणजे तीन वर्षांत एवढें कळून आलें कीं, सत्ता जवळ आली म्हणून न्याय जवळ येतोच असें नाहीं. तिकडे शिक्षकांच्या बदल्या हें बोर्डांतील पक्षांचें हत्यार झालें होतें. ज्यानें मत दिलें नाहीं त्याच्या भाच्याची बदली नदीपलीकडे. अखेर १९३८ सालीं, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या वेळीं, कायदा दुरुस्त करून तपासणी व वरिष्ठ अंमलदाराची नेमणूक सरकारनें पुन्हां आपल्याकडे घेतली. १९४७ च्या कायद्यानें ती दोरी आणखी आंखडली. पुढें १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, शिक्षण समित्या आल्या, सभापति आले, आणि दोरी पुन्हां सैल झाली.

हें मी आतां सांगतों तें एवढ्यासाठीं कीं, आज आपण कोणाला नांवें ठेवणार ? पूर्वीं म्हणत होतों, शिक्षणखातें वरच्या वर्णाच्या मुठींत आहे. आणि तें खोटें नव्हतें. आज सरपंच आपला, सभापति आपला, आमदार आपला, संस्थाचालकहि आपलाच. फुले, शाहू, आंबेडकरांच्या तसबिरी त्यांच्या दिवाणखान्यांत आहेत. आणि त्यांचीं मुलें ? तीं पहांटे पिवळ्या गाडींत बसून इंग्रजी शाळेंत जातात. मी त्यांस दोष देत नाहीं; आपल्या पोराचें बरें कोणाला नको ? पण मग गांवची मराठी शाळा उरली कोणासाठीं ? तडवी, पावरा, भिल्ल, मातंग, बौद्ध वस्तींतील मजूर, कैकाडी, वडार, आणि ज्या कुणब्याची दोन बिघे जमीनहि गहाण आहे त्याचीं पोरें, ह्यांच्यासाठीं. ज्या घरांत बोलणारा माणूस होता तें घर शाळेंतून निघून गेलें. शाळेचें छप्पर गळतें तेव्हां तालुक्याला जाऊन टेबलावर हात आपटणारा आतां तेथें उरला नाहीं. शाळा गरिबांची झाली, आणि तिच्यावरची देखरेख श्रीमंतांचीच राहिली.

त्यांत गेल्या कांहीं वर्षांत आणखी एक चमत्कार घडला. जळगांव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली, व निवडणुका कोर्टकचेरींत अडकल्या. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ सगळा कारभार प्रशासकाच्या हातीं होता. राज्यांतील बहुतेक जिल्हा परिषदांची व पालिकांची हीच गत झाली. शिक्षण समिति नाहीं, सभापति नाहीं, प्रश्न विचारणारा सभासद नाहीं. कित्येक शिक्षक मला म्हणाले, बरें झालें, पुढाऱ्यांची कटकट गेली. खरें सांगावयाचें तर मलाहि पहिलें वर्षभर बरें वाटलें. अधिकारी कांहीं वाईट नव्हते, कागद पूर्वींपेक्षां लवकर हालत. पण एक गोष्ट ध्यानांत आली. वाईटांतला वाईट सभासदहि बाजाराच्या दिवशीं रस्त्यांत भेटे, त्याला म्हातारी अडवी, शिव्या देई, आणि मत मागावयाचें असल्यानें तो त्या ऐकून घेई. प्रशासकाला बाजारांत कोण अडविणार ? कुठल्या म्हातारीला त्याचें तोंड ठाऊक आहे ?

वरून चालणाऱ्या कारभाराचा मासला पाहावयाचा असेल तर पोरांच्या गणवेशाची गोष्ट घ्या. पूर्वीं गणवेशाचा पैसा समितीकडे येई. समिति गांवांतल्या शिंप्याकडे किंवा बाजारच्या दुकानीं जाई, पोरांना उभें करून माप घेई. चोरी होत नसे असें मी म्हणणार नाहीं. पण शर्ट तोकडा झाला तर शिंपी गांवांत सांपडे. मग "एक राज्य, एक गणवेश" निघालें. २०२४-२५ सालीं कापड वरून, शिलाई तिसरीकडे, वाटप चौथीकडे. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी कित्येक ठिकाणीं गणवेश आला नाहीं, व जो आला तो कोणाला घोळदार तर कोणाला आंखूड. ज्याच्या घरीं दुसरा सदरा आहे त्याचें कांहीं अडलें नाहीं. ज्याच्या घरीं तोच एक आणि तोहि फाटका, तें पोर लाजून घरीं राहिलें. ओरड झाली तेव्हां डिसेंबर २०२४ मध्यें सरकारनें पाय मागें घेतला, व अधिकार पुन्हां शाळा समितीला दिला. छान झालें. पण समितीची सभा वहींतच होत असेल तर शिंप्याकडे कोण जाणार ? पुन्हां मास्तरच ना ?

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं ही लेखणी उचलली तिच्याकडे येतों.

आमच्या शाळेंत तिसरींत एक मुलगी होती. तिचें नांव येथें लिहीत नाहीं. सातपुड्यांतील पावऱ्यांचें घर, बाप केळीच्या मळ्यांत सालदार. पहिल्या वर्षीं तिला आमची मराठी कळत नसे व मला तिची पावरी कळत नसे. तिसरींत येईपर्यंत ती दोन्ही भाषांत मला चिडवूं लागली होती. हिशेबांत वर्गांत पहिली. खानदेशांतील वाचकांस सांगावयास नको, पण बाहेरच्यांसाठीं सांगतों कीं, आमच्याकडे सालदाराचें साल आखाजीला संपतें. त्या दिवशीं हिशेब होतो, उचल फेडली न फेडली तें पाहतात, आणि धनी पटला नाहीं तर सालदार बाडबिस्तरा उचलून दुसऱ्या शिवारांत जातो. ह्या मुलीचा बाप असाच गेला. मे महिना, शाळेला सुटी. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां हजेरीपटावर तिचें नांव होतें, ती नव्हती.

जूनांत मीं तिच्या नांवापुढें गैरहजरीची खूण केली. जुलैंतहि केली. नांव कमी केलें नाहीं, आणि ती कोठें गेली याचा शोधहि केला नाहीं. कां केला नाहीं तें सांगतों, म्हणजे ह्या यंत्राच्या आंत काय चालतें तें वाचकांस कळेल. शाळेंत किती शिक्षक द्यावयाचे हें पटसंख्येवर ठरतें. पट घटला तर एक पद जातें, आणि जाणारा शिक्षक बहुधा शेवटीं आलेला, म्हणजे मी. शिवाय वीसच्या आंत पट असलेल्या शाळांवर निराळीच टांगती तलवार. सप्टेंबर २०२३ मध्यें शिक्षणखात्यानें अशा लहान शाळा मिळवून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. राज्यांत तशा शाळा सुमारें १५ हजार निघाल्या. डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवरील शाळा बंद होऊन ती दोन कोसांवर गेली, तर सहा वर्षांची पोर केळीच्या दाट बागांतून एकटी चालत जाईल कीं काय ? म्हणून शिक्षकहि नांव ठेवतो, गांवहि ठेवतो. पुण्यकर्म म्हणून ठेवतो. आणि ज्या पोरीचें नांव हजेरींत आहे ती शाळाबाह्य ठरत नाहीं. शाळाबाह्य मुलांची शोधमोहीम निघाली तरी ती सांपडत नाहीं, कारण कागदावर ती शाळेंतच बसलेली असते.

पौष महिन्यांत एका लग्नाला मी सात कोसांवरच्या गांवीं गेलों होतों, तेथें ती मला दिसली. मळ्याच्या झोंपडीपुढें चूल पेटवीत होती, कडेवर धाकटा भाऊ. मला पाहून हसली नाहीं. आई म्हणाली, "गुरुजी, पोरगी शाळेत गेली तर लहान्याले धरेल कोन ?" मीं विचारलें, इथल्या शाळेंत नांव घातलें का ? तर म्हणाली, दाखला मागतात. आतां कायद्याचें पांचवें कलम स्पष्ट सांगतें कीं, दाखला मिळावयास उशीर झाला म्हणून मुलाला शाळेंत घेण्यास नकार देतां येत नाहीं. नववें कलम सांगतें कीं, आपल्या हद्दींत राहणाऱ्या चौदा वर्षांच्या आंतील प्रत्येक मुलाची नोंद स्थानिक संस्थेनें ठेवावी, आणि स्थलांतर करून आलेल्यांच्या मुलांस शाळेंत प्रवेश मिळतो कीं नाहीं तें पाहावें. जातांना मुलाच्या हातीं शिक्षण हमी कार्ड द्यावें म्हणजे पुढची शाळा त्यास बसवून घेईल, ही सोयहि आहे. पण हें कार्ड द्यावयाचें कोणीं ? ज्याला तें पोर जाणार हें ठाऊक आहे त्यानें. आणि कोणाला ठाऊक होतें ? मला नव्हतें. तिच्या बापाच्या धन्याला होतें. तो धनी आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष आहे.

ह्यांत त्यानें कांहीं वाईट केलें असें मी म्हणत नाहीं. माणूस भला आहे, शाळेला पंखे त्यानेंच दिले. पण सालदार गेला म्हणजे एक पोर शाळेंतून गेलें, ह्या दोन गोष्टींचा संबंध त्याच्या मनांत कधीं जुळलाच नाहीं. समिति खरोखर बसत असती, आणि कायद्याप्रमाणें तींत सालदाराची बायको बसत असती, तर तो जुळला असता.

अशा पोरांसाठीं सरकारनें कांहींच केलें नाहीं असें नाहीं. १९९५ सालीं पोषण आहार सुरू झाला तेव्हां महिन्यांतून शंभरांत ऐंशी दिवस हजर राहील त्यास ३ किलो तांदूळ मिळे. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हुकूम केला कीं कोरडें धान्य नको, शिजवून द्या. तेव्हांपासून दुपारीं खिचडी मिळूं लागली, आणि ती मिळते म्हणून किती पोरें शाळेंत टिकलीं हें आम्हां शिक्षकांस विचारा. पुस्तकें फुकट मिळतात. पण एका योजनेचें नवल वाटतें. १९९२ सालीं महाराष्ट्र सरकारनें मागासवर्गांतील दारिद्र्यरेषेखालच्या मुलींसाठीं उपस्थिति भत्ता काढला : पहिली ते चौथीच्या मुलीला हजेरीच्या दिवसामागें एक रुपया. त्या वेळीं तो एक रुपया अगदींच थट्टेचा नव्हता. तीस वर्षें उलटून गेल्यावरहि तो एक रुपयाच होता. तेल वाढलें, मीठ वाढलें, आमदारांचे भत्ते वाढले, आमचेहि पगार वाढले. सालदाराच्या पोरीच्या हजेरीचा भाव तेवढा वाढला नाहीं. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर राज्यांत शिक्षण सक्तीचें केलें तेव्हां पोराला शाळेंत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळीं तो रुपया बापाला झोंबत असे. आतांचा रुपया कोणाला झोंबतो ?

मध्यें एका पारावर ह्या विषयावर बोलणें निघालें, तेव्हां एक शहाणे गृहस्थ म्हणाले, "बहिणाबाई कुठं शाळेंत गेली होती ?" आमच्या जिल्ह्यांत हा हुकमी प्रश्न आहे. आसोद्याची बहिणाबाई शाळेंत गेली नव्हती हें खरेंच. पण तिचा मुलगा सोपानदेव शाळेंत गेला होता, आणि त्यानें व घरांतल्या दुसऱ्या शिकलेल्या मुलानें ओव्या उतरून ठेवल्या म्हणून १९५२ सालीं तें पुस्तक निघालें. तें लिहावयास कोणी नसतें तर तिचें सारें गाणें तिच्याबरोबर गेलें असतें. अशा किती बहिणाबाई आमच्या मळ्यांतून गेल्या, त्यांची मोजदाद कोणत्या हजेरीपटावर आहे ? आणखी एक आठवण. १९३६ च्या डिसेंबरांत खेड्यांत भरलेली पहिली कॉंग्रेस आमच्याच तालुक्यांत, फैजपुरास, भरली. तेथें शेतकऱ्यांच्या मागण्यांचा जो ठराव झाला त्यांत शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळावी असेंहि एक कलम होतें. त्या जागेवरून आमच्या गांवचे लोक रोज जातात येतात.

मग करावें काय ? शिक्षणखात्यानें तपासणी सोडावी असें मी म्हणणार नाहीं. जोतीरावांचा इशारा माझ्या डोळ्यांपुढें आहे. सगळेंच गांवावर सोंपविलें तर सालदाराच्या पोरीचा न्याय तिच्या बापाचा धनीच करील. पण नुसत्या वरच्या तपासणीनेंहि भागत नाहीं, कारण वरून आलेला साहेब पट पाहतो, मळा पाहत नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें सरकारनें नियम बदलून सरकारी शाळेजवळच्या खाजगी शाळांस गरिबांच्या पंचवीस टक्के जागांतून मोकळें केलें, तें मुंबई हायकोर्टानें जुलैंत रद्द केलें. कोर्टांत गेले ते आईबाप व संघटना होत्या. एखाद्या जिल्हा परिषदेनें हा प्रश्न हातीं घेतल्याचें माझ्या ऐकण्यांत नाहीं.

माझें मागणें लहान आहे. वर्षांतून चार ग्रामसभा होतात, त्यांतली एक १ मे रोजीं. आखाजी त्याच्याच मागेंपुढें येते. त्या ग्रामसभेंत, रस्ते व गटारी यांच्या आधीं, एक यादी मोठ्यानें वाचावी : कोणत्या मळ्यांतून कोणता सालदार गेला, त्याच्याबरोबर किती पोरें गेलीं, कितवींत होतीं, आणि कोणत्या मळ्यांत कोणाचीं आलीं. गेलेल्यांना हमी कार्ड दिलें का, आलेल्यांना शाळेंत बसवलें का, हें मुख्याध्यापकाला तेथेंच विचारावें. मास्तरांना हें आवडणार नाहीं. मलाहि परवांपर्यंत आवडलें नसतें. पण निवडणूक, खानेसुमारी व आपत्ति सोडून शिक्षकाला शाळेबाहेरचीं कामें लावूं नयेत असें कायद्याचें २७ वें कलम म्हणतें, तें जसें आम्ही पुढाऱ्यांस वाचून दाखवितों तसें नववें कलमहि ऐकून घेतलें पाहिजे.

पैशाचें विचाराल तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नांतून १५ टक्के मागासवर्गीयांसाठीं, १० टक्के महिला व बालकांसाठीं, आणि ५ टक्के अपंगांसाठीं खर्च करावयाचे असतात. ते कशावर होतात तें कोणी विचारलें आहे का ? पुष्कळ ठिकाणीं खुर्च्या व सतरंज्या येतात. त्यांतून मळ्यांतल्या धाकट्या पोरांस दिवसा सांभाळणारी एक बाई ठेवतां येईल, म्हणजे थोरलीच्या कडेवरचें ओझें उतरेल. पांगळ्या पोराला शाळेंत आणणारी एखादी तीनचाकी येईल. ग्रामसभेंत हात वर करून हिशेब मागण्यास इंग्रजी यावें लागत नाहीं. आणि तेथें दाद लागली नाहीं तर ३२ वें कलम आहे. मुलाच्या हक्कासंबंधीं लेखी तक्रार स्थानिक संस्थेकडे द्यावी, तिनें तीन महिन्यांच्या आंत निकाल दिला पाहिजे. अर्ज लिहून देण्यास गांवांतला कोणताहि शिक्षक नाहीं म्हणणार नाहीं. म्हणाला, तर त्याचें नांव ग्रामसभेंत घ्या.

कोणी म्हणतील, मजूर बाया सभेंत येऊन काय बोलणार, त्यांना काय कळतें ? अहो, शाळेंत दुपारची खिचडी कच्ची होती कीं करपली होती हें त्यांना कळतें. पोरगी शाळेंतून रडत आली कीं हसत आली हें कळतें. कोणत्या वाटेला कुत्रीं आहेत, कोणत्या बागेशेजारीं दारूचा गुत्ता आहे, म्हणून पोरी त्या वाटेनें शाळेंत जात नाहींत, हें सबंध शिक्षणखात्याला ठाऊक नाहीं तें त्यांना ठाऊक आहे. त्यांना कळत नाहीं ती फक्त सभेची वेळ, कारण ती आपण दुपारीं अकराची ठेवतों, जेव्हां त्या मळ्यांत असतात.

ह्या महिन्यापासून आमच्या शाळेची सभा रात्रीं आठ वाजतां, मळ्यांतल्या झोंपड्यांपुढें घेण्याचें ठरविलें आहे. वही मी नेणार आहे, पण सह्या सभा संपल्यावर. अध्यक्षांस मीं घरीं जाऊन सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, बघूं. सात कोसांवरच्या त्या सालदारालाहि मीं निरोप धाडला आहे कीं, दाखल्याची वाट पाहूं नको, पोरीला घेऊन ये, मी स्वतः तिकडच्या शाळेंत येतों. त्याचा उलट निरोप आला : धन्यानें एक दिवस सोडलें तर येईन.

— एक ग्रामशिक्षक, ता. यावल